बंद खोलीतला हल्ला कसा रचावा? गास्तों लरूच्या 'पिवळ्या खोली'बद्दल

अडसर:
बंद खोलीतल्या हल्ल्याची एक रहस्यकथा रचतो आहे. दार आतून बंद, खिडकीला गज, चोरवाट नाही. तरी हल्लेखोर गायब. जे उपाय सुचतात ते सगळे दोरा, चुंबक, दुसरी किल्ली यांच्याभोवती फिरतात आणि वाचताना हातचलाखीसारखे वाटतात. फ्रेंच लेखक गास्तों लरू याची 'पिवळ्या खोलीचं रहस्य' ही कादंबरी या प्रकारातली मानाची समजली जाते. त्याने हे नेमकं कसं जमवलं? उकल सांगितली तरी चालेल, मला रचना समजून घ्यायची आहे.

मध्यरात्र:
कादंबरी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड केलं आहे.

अडसर, तुमची अडचण अशी आहे की तुम्ही भिंतींशी झुंजताय. लरू भिंतींना हातच लावत नाही, तो वेळ सरकवतो.

त्याच्या आधीचे दोन मोठे नमुने पाहा. अमेरिकन लेखक एडगर अॅलन पोच्या 1841 सालच्या कथेत खिडकीचा खिळा आतून तुटलेला असतो. शेरलॉक होम्सच्या डॉयलच्या 1892च्या कथेत छताजवळ हवेसाठी भोक असतं. म्हणजे खोली बंद नसतेच, एक फट नजरेआड ठेवलेली असते. लरूला अशी फट नकोच होती. खोली खरोखर बंद हवी, हा त्याचा हट्ट.

प्रसंग असा. ग्लांदिएचा वाडा, ऑक्टोबर 1892, मध्यरात्र उलटून गेलेली. प्रोफेसर स्टँगरसन आणि म्हातारा नोकर जाक प्रयोगशाळेत आहेत. शेजारच्या पिवळ्या खोलीत प्रोफेसरांची मुलगी मातिल्द झोपली आहे. खोलीला एकच दार, त्याला आतून कुलूप आणि कडी. एकच खिडकी, तिला गज, झडपा लावलेल्या. आतून किंकाळी येते, पिस्तूल झाडल्याचा आवाज येतो. दार फोडून आत जातात तर सामान उलटंपालटं, भिंतीवर रक्ताळलेल्या पंजाचा ठसा, मातिल्दच्या गळ्यावर बोटांचे वळ आणि कानशिलावर जखम. हल्लेखोर नाही.

उकल: खरा हल्ला कित्येक तास आधी, खोली उघडी असतानाच होऊन गेला आहे. गळ्यावरचे वळ तेव्हाचे. मातिल्दने तेव्हा गोळी झाडली, ती हल्लेखोराच्या हाताला लागली आणि भिंतीवरचा पंजा त्याच्याच रक्ताचा उमटला. वडिलांना आपलं जुनं गुपित कळू नये म्हणून तिने उंच कॉलरखाली वळ झाकले आणि काही घडलंच नाही असं दाखवलं. रात्री कडी लावून झोपली, तोच हल्ला स्वप्नात पुन्हा आला, ती किंचाळली, गोळी झाडली, पलंगावरून पडली आणि पलंगाजवळच्या टेबलाचा संगमरवरी कोपरा कानशिलावर लागला. बंद खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

म्हणून लिहायला बसण्याआधी वहीत दोन रकाने आखा. डावीकडे खरं काय, किती वाजता घडलं. उजवीकडे साक्षीदारांनी काय, किती वाजता पाहिलं-ऐकलं. मग प्रत्येक पुरावा एकेक करून डाव्या रकान्यात बसवा: वळ संध्याकाळचे, पंजा संध्याकाळचा, जखम रात्रीची, किंकाळी रात्रीची. पिस्तुलाच्या दोन गोळ्यांतली एक तेव्हाची, एक आताची. उजव्या रकान्यात मात्र हे सगळं मध्यरात्रीच्या एकाच ओळीत येऊन पडतं, आणि वाचक ते एकच प्रसंग म्हणून वाचतो. कोड्याचा सगळा जोर त्या एका ओळीत आहे.

ताडपत्री:
मध्यरात्र यांच्याशी सहमत. फक्त एक भर: रकाने आखून भागत नाही, ते लपवणारा माणूस लागतो. जिच्यावर हल्ला झाला तीच गप्प का राहील? इथे बहुतेक कथा कोसळतात, कारण लेखक 'घाबरली म्हणून' एवढ्यावर भागवतो. मातिल्दचं गप्प राहणं हल्ल्याहूनही जुनं आहे, तिच्या तरुणपणातल्या एका लग्नाशी ते जोडलेलं आहे, आणि पुस्तकभर ती त्याची किंमत मोजते. तुमच्या कथेत मौनाचं कारण आधी पक्कं करा, कडीकुलुपाचं मागाहून बघता येईल.

लरू हे करू शकला याला त्याचा पेशा कारण आहे असं मला ठाम वाटतं. जन्म 1868, पॅरिसचा. 1889 मध्ये कायद्याची पदवी, पुढे 'ल मातँ' या दैनिकाचा वार्ताहर. 1899 मध्ये फ्रान्समधल्या रेन इथे ड्रेफस या हेरगिरीचा खोटा आरोप झालेल्या लष्करी अधिकाऱ्याचा दुसरा खटला चालला, तिथे तो हजर होता. साक्षीदार खोटं न बोलताही चुकीचं कसं सांगतो, हे न्यायालयात बसणाऱ्याला रोज दिसतं. प्रयोगशाळेतले दोघेही खरंच बोलतात, फक्त ऐकलेल्या आवाजाला 'हल्ला' हे नाव देतात. कादंबरीचा शेवटही व्हर्सायच्या न्यायालयात होतो, आणि उलगडा करणारा रूलताबीय हा अठरा वर्षांचा वार्ताहर आहे.

अडसर:
दोन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. वहीत रकाने आखले. आता एक शंका: संध्याकाळचं रक्त मध्यरात्री ताजं कसं दिसेल?

मध्यरात्र:
नेमकं दुखणं धरलंत. 1907 मध्ये ही गोष्ट 'लिलुस्त्रासियों' या साप्ताहिकातून सप्टेंबर ते नोव्हेंबर क्रमशः आली, तेव्हाचा वाचक त्यावरून निसटला असेल. आजचा निसटणार नाही. डाग वाळतो, वळांचा रंग बदलतो. म्हणून दोन प्रसंगांतलं अंतर तासा-दीड तासावर आणा, नाहीतर आधीच्या प्रसंगातून रक्ताऐवजी न बदलणारी वस्तू मागे ठेवा: तुटलेलं बटण, भिंतीतली गोळी, फाटलेला पडदा.

दिवाणखाना:
पिवळ्या खोलीवरच थांबू नका. त्याच पुस्तकात दुसरं कोडं आहे आणि मला ते जास्त आवडतं. वाड्याच्या एकमेकींना मिळणाऱ्या मार्गिकांत हल्लेखोराला चारी बाजूंनी घेरतात, सगळे धावत येऊन एकमेकांवर आदळतात आणि मधे कुणीच नाही. उत्तर: तो पाठलाग करणाऱ्यांतच आहे, पोलीस अधिकारी लार्सां. पहिल्या कोड्यात वेळ सरकते, दुसऱ्यात माणसाची भूमिका.

इथे पुस्तकात नकाशा छापलेला आहे, तोही जरूर करा. प्रत्येक पात्र कुठून निघालं, किती पावलं धावलं, वळणावर त्याला कोण दिसलं, हे पेन्सिलीने आखा. एखाद्याला हल्लेखोराचा चेहरा सरळ दिसत असेल तर कोडं तिथेच फुटतं. दिवा कुठे ठेवलाय तेही मांडा.

रहस्यकथाकार जॉन डिक्सन कारने 1935 च्या कादंबरीत आपल्या डॉक्टर फेल या गुप्तहेराच्या तोंडून 'पिवळी खोली' ही आजवरची सर्वोत्तम रहस्यकथा म्हटली आहे. त्याच प्रकरणात बंद खोलीच्या युक्त्यांची वर्गवारीही आहे. तुमचं कथानक पक्कं झाल्यावर ती वाचा. आधी वाचलीत तर त्यातलाच एखादा कप्पा उचलाल.