इमारतीच्या डक्टमधील केबल बदलताना आगीच्या दृष्टीने काय पाहावे?

सोसायटी सचिव, पर्वरी

नमस्कार. आमची इमारत तळमजला अधिक सात मजल्यांची आहे. मीटर रूमपासून वरपर्यंत जाणाऱ्या विजेच्या मुख्य केबल, जिन्यातील दिव्यांचे वायरिंग आणि फायर पंपाची लाईन हे सारे यंदा बदलण्याचे ठरले आहे. ठेकेदारांची दरपत्रके आली आहेत. एकात 'एफआर', दुसऱ्यात 'एफआर-एलएसएच' आणि तिसऱ्यात 'एचएफएफआर' केबल लिहिली आहे, आणि तिसऱ्याचा दर बराच जास्त आहे. सर्वसाधारण सभेत हा जादा खर्च कशासाठी, असे सभासद विचारणारच, आणि त्याचे नेमके उत्तर माझ्याकडे असायला हवे.

दुसरी अडचण डक्टचीच, म्हणजे सर्व मजल्यांतून केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीची आहे. इंटरनेट आणि केबल टीव्हीवाल्यांनी त्यात इतक्या काळ्या वायरी सोडल्या आहेत की बॅटरी मारल्याशिवाय विजेची केबल ओळखू येत नाही. प्रत्येक मजल्यावर स्लॅबमध्ये ठेवलेले भोक उघडेच आहे. तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडून खाली पाहिले तर थेट मीटर रूमचा दिवा दिसतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

विद्युत अभियंता, फोंडा

सचिव महोदय, आपण विचारलेली तिन्ही नावे वेगवेगळे गुण सांगतात, म्हणून आधी ती वेगळी करू.

'एफआर' म्हणजे ज्योत पुढे पसरू न देणारे पीव्हीसी. त्याचा ऑक्सिजन निर्देशांक, म्हणजे ते जळत राहण्यासाठी हवेत लागणारे ऑक्सिजनचे टक्के, किमान 29 असावा लागतो. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असल्याने ज्योत दूर केली की अशी वायर सहसा आपोआप विझते. परंतु ती जळत असताना धूर किती येईल आणि त्यात काय असेल, याबद्दल हे नाव काहीच हमी देत नाही. 'एफआर-एलएसएच' मध्ये धुरावर आणि आम्लवायूवर मर्यादा येते. धुराची घनता 60 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी आणि हॅलोजनचा (क्लोरीनसारख्या मूलद्रव्यांचा) आम्लवायू वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असे आपली मानके सांगतात. पण 20 टक्के म्हणजे काही थोडे नव्हे. पीव्हीसीतून निघणारा हायड्रोजन क्लोराईड डोळ्यांतील आणि श्वासनलिकेतील ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो, आणि अंधारात जिना शोधणाऱ्या माणसाचे डोळे उघडेच राहत नाहीत. 'एचएफएफआर' मध्ये हॅलोजन मुळातच वापरलेले नसते. अशा केबलसाठी आम्लवायूची रूढ मर्यादा केवळ 0.5 टक्के आहे, आणि तीन मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या बंद खोलीत केबल जाळून घेतात त्या चाचणीत किमान 60 टक्के प्रकाश धुरातून आरपार जावा लागतो.

सभासदांना एवढे सांगितले तरी पुरेल की आगीत माणसे बहुधा ज्वाळांआधी धुराने गाठली जातात. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती, आणि वर बाल्कनीत बसलेली माणसे गुदमरून गेली; 59 जीव गेले.

आता मानकांचे क्रमांक. घरगुती वायरिंगसाठी आयएस (भारतीय मानक) 694, जाड मुख्य केबलसाठी आयएस 1554 भाग 1 किंवा एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिनचे इन्सुलेशन) असेल तर आयएस 7098 भाग 1, आणि 1100 व्होल्टपर्यंतच्या हॅलोजनमुक्त केबलसाठी आयएस 17048, जे 2018 मध्ये आले. दरपत्रकात नुसते 'उत्तम प्रतीची एफआरएलएस' असे लिहिलेले चालवून घेऊ नका. मानकाचा क्रमांक लिहून घ्या. माल आल्यावर केबलच्या अंगावर छापलेले आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा.

डक्टच्या बाबतीत एक गोष्ट फार दुर्लक्षित राहते. एकटी उभी वायर ज्योतीच्या चाचणीत उत्तीर्ण झाली म्हणजे तिची जुडीही होईल असे नाही, कारण जुडीत एक वायर दुसरीला तापवत जाते. म्हणून डक्टसाठी जुडीची चाचणी मागावी. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60332 च्या तिसऱ्या भागात साडेतीन मीटर लांबीच्या केबल शिडीवर उभ्या बांधून खालून 20 किंवा 40 मिनिटे ज्योत देतात, आणि जळाल्याची खूण बर्नरपासून अडीच मीटरच्या वर जाता कामा नये. आपल्याकडे आयएस 10810 च्या 62व्या भागात जुडीचीच चाचणी आहे.

माझे मत विचाराल तर जिना आणि डक्ट येथे एचएफएफआर घ्यावी. सदनिकांच्या आत भिंतीत गाडलेल्या पाईपमध्ये एफआर-एलएसएच चालेल. फायर पंपाच्या लाईनला मात्र यांपैकी एकही पुरेशी नाही. तिला आगीतही चालू राहणारी केबल लागते, जिच्यात तांब्यावर अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यासाठी आयएस 17505 भाग 1 आहे. ब्रिटिश बीएस 6387 मध्ये अशी केबल 950 अंश सेल्सियसला तीन तास विद्युतप्रवाह वाहून नेते का, ते पाहतात.

नेटवर्क अभियंता, मडगाव

वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त त्या काळ्या वायरींबद्दल लिहितो, कारण त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही.

खांबावरून इमारतीत येणाऱ्या फायबर आणि कोॲक्सियल (केबल टीव्हीच्या) केबलचे बाहेरचे आवरण बहुधा पॉलिथिनचे असते. ते ऊन आणि आपला पाऊस उत्तम सोसते, पण त्याला आग लागली तर ते वितळून जळते थेंब खाली टाकते. ही केबल घराबाहेरची आहे, ती डक्टमधून सातव्या मजल्यापर्यंत नेण्यासाठी बनवलेलीच नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेत अशा केबलला इमारतीत शिरल्यावर साधारण 15 मीटरची मुभा आहे. त्यापुढे इमारतीच्या आत वापरायची प्रमाणित केबल जोडावी लागते. उभ्या डक्टसाठी तिथे 'रायझर' आणि हवा खेळणाऱ्या फॉल्स सीलिंगसाठी 'प्लेनम' असे वेगळे वर्ग आहेत. युरोपीय संघात 1 जुलै 2017 पासून इमारतीत कायमची बसवायची वीज आणि दूरसंचार या दोन्ही केबल ईएन 50575 नुसार आगीच्या वर्गासह विकाव्या लागतात. मुद्दा असा की कॅट-6 (इंटरनेटच्या) केबलनाही आगीचा वर्ग असतो, आणि आपण घेताना तो मागू शकतो. आवरणावर 'एलएसझेडएच' (कमी धूर, हॅलोजन नाही) छापलेले असेल आणि जुडीच्या चाचणीचे प्रमाणपत्र मिळत असेल तरच घ्या.

त्याहून महत्त्वाचे, बंद पडलेल्या वायरी काढून टाका. ग्राहकाने कंपनी बदलली की जुनी वायर कोणी ओढून काढत नाही. वरून कापतात आणि लोंबकळत ठेवतात. तीच वर्षानुवर्षे साठून डक्टमधले सर्वांत मोठे सरपण होते. अमेरिकेच्या संहितेने 2002 पासून अशा निकामी केबल काढणे बंधनकारक केले आहे. आपण सर्व पुरवठादारांना लेखी मुदत द्या, आपापल्या चालू वायरींवर सदनिका क्रमांकाची चिठ्ठी लावायला सांगा, आणि मुदतीनंतर चिठ्ठी नसलेली वायर काढून टाका.

वास्तुविशारद, म्हापसा

एचएफएफआर घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ज्योत रोखण्यासाठी तिच्या आवरणात ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या हायड्रॉक्साईडची भुकटी मोठ्या प्रमाणात मिसळलेली असते. तापल्यावर ती पाण्याची वाफ सोडते आणि ज्योत थंडावते. पण त्यामुळेच ते आवरण पीव्हीसीपेक्षा लवकर ओरखडते आणि ओलावा जास्त धरते. गोव्याच्या पावसाळ्यात डक्टच्या भिंती पाझरत असतील तर आधी गळती थांबवा. वायरमनला केबल पाईपच्या धारदार कडेवरून ओढू देऊ नका. आणि महागडी हॅलोजनमुक्त वायर उघड्या पीव्हीसी केसिंगमध्ये किंवा पाईपमध्ये घातली तर धूर त्या पाईपचाच होईल. डक्टमध्ये हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड ट्रे घ्या. साधा पत्रा आपल्या खाऱ्या हवेत गंजून जातो.

मात्र आपले पत्र वाचताना मला खरी भीती वाटली ती स्लॅबमधल्या उघड्या भोकांची. तळमजल्यावर मीटर रूममध्ये काही झाले तर तो डक्ट धुराडे होईल आणि सातव्या मजल्यावर धूर सर्वांच्या आधी पोहोचेल. तेव्हा केबल कोणत्या प्रतीची आहे याने फारसा फरक पडणार नाही. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या चौथ्या भागात स्पष्ट म्हटले आहे की विजेच्या केबलचा डक्ट स्वतंत्र असावा आणि तो प्रत्येक मजल्यावर स्लॅबइतकीच आग सोसणाऱ्या साहित्याने बंद करावा. टेलिफोन आणि इंटरकॉमच्या लाईन त्या डक्टमध्ये घालू नयेत, असेही तीच संहिता सांगते. दुसरा डक्ट शक्य नसेल तर निदान पत्र्याचा पडदा मध्ये उभारून दूरसंचाराच्या वायरी वेगळ्या ट्रेवर घ्या.

भोक बुजवताना वायरमन बहुधा खिडकीच्या चौकटीला मारतात तो पिवळा फोम मारून मोकळे होतात. तो साधा पॉलियुरेथेन फोम स्वतःच जळतो. नुसते सिमेंटही पुरत नाही, कारण केबलचे आवरण वितळले की तिच्याभोवती फट उरते आणि धूर तिथूनच वर येतो. म्हणून रॉकवूल (दगडापासून बनवलेली न जळणारी लोकर) दाबून भरावे आणि वर उष्णतेने फुगणारे सीलंट लावावे. ते फुगून वितळलेल्या आवरणाची जागा भरून काढते.

सोसायटी सचिव, पर्वरी

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. एक शंका उरते. इंटरनेटवाले दर महिन्याला नवी वायर टाकायला येतात. बुजवलेले भोक त्यांनी पुन्हा फोडले तर?

वास्तुविशारद, म्हापसा

ते फोडणारच, असे धरूनच काम करा. विजेच्या केबलभोवतीचे भोक पक्के बंद करा. दूरसंचाराच्या बाजूला आगरोधक उशा भरा. त्या काढून वायर टाकता येते आणि पुन्हा रचता येतात. डक्टच्या दाराला कुलूप लावून किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवा, आणि वायर टाकून झाल्यावर उशा परत बसवल्याची त्याने खात्री केल्याशिवाय माणसाला खाली सोडू नये. ठेकेदाराच्या कार्यादेशात भोके बुजवण्याचे काम स्वतंत्र बाब म्हणून लिहा, आणि प्रत्येक मजल्यावरचे भोक आपण स्वतः पाहिल्याशिवाय शेवटचे बिल मंजूर करू नका. काम पूर्ण झाल्यावर सांतइनेजच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाला पत्र देऊन पाहणीची विनंती करावी, असेही सुचवते.