दोन सालं असलेलं ल्यूगर

१९१७ साली बनलेल्या ल्यूगरवर, म्हणजे त्या जुन्या जर्मन पिस्तुलावर, १९२० हे दुसरं साल कसं, शिक्का बनावट तर नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. केवळ दोन सालं आहेत म्हणून पिस्तूल बाजूला ठेवू नका! व्हर्सायच्या तहानंतर जर्मन सैन्य १ लाखावर आलं. महायुद्धातली जी पिस्तुलं सरकारी मालकीची म्हणून ठेवली, त्यांच्यावर १९२० चा ठप्पा मारला. ते पिस्तूल बनल्याचं साल नव्हेच. मूळ साल खाली, १९२० त्याच्यावर. मला तर कोऱ्या करकरीत पिस्तुलापेक्षा असा दोन राजवटी पाहिलेला नगच जास्त मोलाचा वाटतो.

खरी पारख सुट्या भागांवर करा. ल्यूगरच्या बारीक भागांवर सीरियल नंबरचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. ते एकेक करून जुळवा. ट्रिगरवरचा गवतासारखा पिवळसर रंग टिकलाय का, तेही बघा. नंतर पॉलिश करून पुन्हा ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) केलं असेल तर अक्षरांच्या कडा गोलावतात. बोटाच्या नखाला लगेच कळतं.

आणि सगळं लक्ष ल्यूगरवरच नको. जर्मनीतल्या एरफुर्टचं ऑर्टगीज हे पिस्तूलही जरूर हातात घेऊन बघा. लाकडी मुठीवर बहुतेक वेळा एकही स्क्रू दिसत नाही, आतल्या खिट्टीने ती धरलेली असते. कोणीतरी अज्ञानाने स्क्रूड्रायव्हर घालून कडा उचकटलेल्या असतात, ते पाहून फार वाईट वाटतं. पितळी बिल्ल्यावर ‘एचओ’ असेल तर ती सुरुवातीच्या पिस्तुलांवरची, मूळ उत्पादक हाइनरिश ऑर्टगीजच्या नावाची खूण.