मदत हवी आहे: मासे खाल्ल्यावर स्नायूंना इजा (हाफ रोग)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये मानाउसला असतो. तिथे तांबाकी नावाचा नदीचा मासा भाजून खाल्ला आणि काही तासांतच मान-खांदे आखडले, हात लावू देईना. लघवी काळ्या कॉफीसारखी झाल्यावर दवाखाना गाठला. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारांत! स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकू नये म्हणून भरपूर सलाईन लावलं. डायलिसिसची वेळ आली नाही, हे नशीब. आता घरी आहे.

डॉक्टर याला हाफ रोग म्हणाले. 1924 मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर कोनिग्सबर्गजवळ पहिल्यांदा नोंदलेला. विष नेमकं कोणतं हे अजून सापडलेलं नाही. शिजवूनही ते जात नाही, आणि माशाला वासही येत नाही, म्हणजे आपली ताजा-शिळा बघायची पद्धत इथे कुचकामी.

कुणी डॉक्टर किंवा यातून गेलेलं असेल तर सांगा: सीपीके नॉर्मल झाल्यावर व्यायाम लगेच चालतो का? तो कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेतो, तिथल्या डॉक्टरांनी सध्या बंद केलीय. पुन्हा कधी सुरू करतात? अंगदुखीला आयब्युप्रोफेन नको म्हणतात, मग काय द्यावं?

आणखी एक. अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातल्या रुग्णांमध्ये पिरापितिंगा खाल्लेलेही होते, म्हणजे आपल्या बाजारातला रूपचंदच. आईने तो घरात बंदच केलाय. आपल्याकडच्या तळ्यातल्या रूपचंदमुळे असं झाल्याचं कुणाच्या पाहण्यात आहे का?