डिजिटल वॉटरकलर: पिवळा + निळा मिक्स केला की राखाडी का येतो? ब्रश सुचवा

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी, आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये पावसाळ्यातल्या घाटाची चित्रं काढतेय. कागदावर लेमन यलोच्या ओल्या वॉशमध्ये (पातळ रंगाच्या थरात) निळा सोडला की पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत सगळं आपोआप मिळतं, इथे मात्र पिवळ्यात निळा फिरवला की मधे राखाडी गढूळ पट्टा येतो. वेगवेगळे वॉटरकलर सेट घालून बघितले, तेच. पैसे द्यायची तयारी आहे, पण नेमका कुठला ब्रश घेऊ?

निळीशाई:
ब्रश विकत घेऊ नका, प्रॉब्लेम ब्रशचा नाहीच. स्क्रीनवर प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत असतो: पिवळा म्हणजे २५५, २५५, ० आणि निळा म्हणजे ०, ०, २५५, त्यांची सरळ सरासरी काढली की तिन्ही आकडे १२७-१२८, म्हणजे शुद्ध राखाडी. कागदावर पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो, निळा रंग लाल प्रकाश शोषतो आणि दोघांतून वाचतो तो हिरवा. याचं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्येच मांडलंय, लॅपटॉप असेल तर रिबेल प्रो हे पेंटिंग सॉफ्टवेअर बघा, त्यात त्यावर आधारलेलं पिगमेंट मिक्सिंग आहे. पैसे घालायचेच तर तिथे घाला.

घाटमाथा:
आयपॅडवरच राहायचं असेल तर पिवळा वॉश एका लेयरवर, त्याच्या वर नवीन लेयर मल्टिप्लायवर (खालच्या रंगात मिसळून तो गडद करणाऱ्या मोडवर) ठेवून त्यात निळा. निळा सायनकडे (हिरवट निळ्याकडे) झुकलेलाच घ्या हां, एकदम शुद्ध निळा घेतलात तर पिवळ्यावर थेट काळा पडतो. हिरवा फार भडक वाटला तर त्यात किंचित लाल घाला, घाटातला हिरवा कधीच इतका चकचकीत नसतो.

निळीशाई:
@घाटमाथा बरोबर, पण तो वाळलेल्या वॉशवर दुसरा वॉश झाला, ओल्यात ओलं नाही. ते हवं असेल तर मधला हिरवा स्वतः निवडून पिवळ्या-निळ्याच्या सीमेवर ठेवायचा आणि मग त्याच लेयरवर ब्रशच्या वेट मिक्स सेटिंगमध्ये डायल्यूशन (रंगातलं पाणी) वाढवून, चार्ज (ब्रशवरचा रंग) कमी करून दोन्हीकडे ओढायचा. राखाडीला जागाच उरत नाही.

पाऊसवेडी:
अरे वा, हे आजच करून बघते! आणि रंग आपोआप पसरणं, कडेला फुलणं, ते प्रोक्रिएटमध्ये जमेल का?

घाटमाथा:
त्यासाठी अडोबी फ्रेस्कोचे लाइव्ह वॉटरकलर ब्रश, २०२४ पासून अ‍ॅप फुकट आहे. पहिला वॉश झाला की ड्राय लेयर करा, नाहीतर पुढचा रंग त्यातच पसरत राहतो.