विषय: शाळेच्या लॅपटॉपना कुठला चार्जर चालेल?

नमस्कार मंडळी,

मराठी शाळेच्या वर्गांसाठी सभासदांनी दिलेले लॅपटॉप जमा झाले आहेत. चार्जर मात्र सगळे एकाच खोक्यात आहेत आणि कुठला कुणाचा ते कळत नाही. लॅपटॉप असे: एक डेल आणि एक एचपी, दोघांनाही जाड गोल पिन आणि तिच्या मध्यभागी सुई, एक लेनोवो, चपट्या आयताकृती पिनचा, एक फार जुना आयबीएमचा थिंकपॅड, एक चुंबकी पिनवाला मॅकबुक, आणि दोन नवे टाइप-सीवाले.

तीन प्रश्न आहेत. डेलची पिन एचपीत बसते, मग तोच चार्जर वापरायचा का? जास्त वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉप जळतो का? आणि सगळ्यांसाठी मिळून एक १०० वॅटचा टाइप-सी चार्जर आणि बदलायच्या पिनांचा संच घेतला तर भागेल का?

शाळा समिती

———

ताई, नमस्कार.

> जास्त वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉप जळतो का?

नाही. व्होल्ट चार्जर ठरवतो, ॲम्पिअर लॅपटॉप ओढतो. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ९० वॅटचा चार्जर लावला तरी तो त्याला हवे तेवढेच घेईल. जळण्याची भीती असते ती व्होल्ट चुकल्यावर, म्हणून स्टिकरवर आधी व्होल्टच बघायचे. चार्जरच्या स्टिकरवर दोन ओळी असतात. ‘इनपुट’ म्हणजे भिंतीकडची बाजू, ती सध्या सोडा. ‘आउटपुट’समोर १९.५ व्होल्ट ३.३४ ॲम्पिअर असे काही असेल. गुणाकार केला की वॅट मिळतात, इथे ६५. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरही हेच आकडे असतात. तो झिजला असेल तर मॉडेल नंबरावरून शोधा.

१९ × ३.४२, १९.५ × ३.३४, २० × ३.२५ हे तिन्ही ६५ वॅटच. १९, १९.५ आणि २० यांच्यातला फरक लॅपटॉपची आतली सर्किट सहसा पचवतात, कारण बॅटरीला लागणारे व्होल्टेज ती स्वतःच उतरवून घेतात. त्यापलीकडे सूट देऊ नका. तुमचा आयबीएम इथेच अडकतो. टी-४३ पर्यंतच्या थिंकपॅडना १६ व्होल्ट लागत, २००६ च्या टी-६० पासून २० व्होल्ट आले आणि पिनही जाड झाली. जुन्या मशीनला २० व्होल्ट देणे म्हणजे पाव पट जास्त देणे. त्याला १६ व्होल्ट ४.५ ॲम्पिअरचाच चार्जर द्या, दुसरा कुठलाही नको. काही जुन्या नेटबुकांना तर १२ व्होल्टच लागतात, तेव्हा छोटा लॅपटॉप दिसला की आकडा दोनदा वाचा.

उलटी चूक म्हणजे कमी वॅटचा चार्जर. ६५ च्या जागी ४५ लावला तर लॅपटॉप बंद असताना कदाचित सावकाश चार्ज होईल. काम सुरू केले की चार्जर तापतो, त्याचे संरक्षण सर्किट पुरवठा तोडते, परत जोडते, परत तोडते. चार्जरचा दिवा लुकलुकताना दिसला तर बहुधा हेच चालले आहे.

स्टिकरवर एक छोटी आकृती असते: मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, दोन बाजूंना अधिक आणि उणे. गोल पिनच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये अधिक आतल्या बाजूला असतो. तरी अनोळखी चार्जर असेल तर ही आकृती लॅपटॉपवरच्या आकृतीशी जुळवा.

पिनच्या मापात डोळ्यावर विश्वास ठेवू नका. ५.५ × २.१ आणि ५.५ × २.५ मिलिमीटरच्या पिना (पहिला आकडा बाहेरचा व्यास, दुसरा आतल्या भोकाचा) बाहेरून सारख्याच दिसतात. २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटात जाणारच नाही. पण २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात आरामात जाते, लूज बसते, हात लागला की चार्जिंग तुटते आणि ठिणगी पडून सॉकेट काळे होते. ‘सॉकेट खराब झाले’ म्हणून जे लॅपटॉप उघडले जातात, त्यातल्या काहींत दोष फक्त चुकीच्या पिनचा असतो.

———

ताई, काकांनी व्होल्टचे सांगितले आहेच. डेल-एचपीचे मी सांगतो.

> डेलची पिन एचपीत बसते

बसते, कारण दोघांची जाड पिन ७.४ × ५.० मिलिमीटरची आहे. नंतरच्या मॉडेलांत दोघेही ४.५ × ३.० च्या बारीक पिनवर गेले आणि तिथेही त्या एकमेकींत बसतात. मधली सुई मात्र वीज नेत नाही, ओळख सांगते. डेलच्या चार्जरमध्ये एक छोटी मेमरी चिप असते, तिच्यात ‘मी इतक्या वॅटचा’ हे लिहिलेले असते आणि लॅपटॉप ते सुईतून वाचतो. एचपीची ओळखण्याची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे एकाचा चार्जर दुसऱ्याला लावला की मशीन सुरू होते, पण बहुतेक वेळा चार्जर ओळखता येत नाही असा संदेश येतो. डेल अशा वेळी बॅटरी चार्ज करायचे थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही पाडतो. ‘लॅपटॉप अचानक मंद झाला’ अशी तक्रार आली तर व्हायरस शोधण्याआधी चार्जर बघा. डेल सुरू होताना एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलात की जोडलेला चार्जर किती वॅटचा ओळखला गेला ते दिसते. तिथे आकडा नसेल तर सुई वाकली आहे, वायर पिनजवळ आतून तुटली आहे किंवा चार्जर डुप्लिकेट आहे. सुईची वायर सगळ्यात बारीक असते, म्हणून आधी तीच तुटते. वीज चालू राहते आणि ओळख जाते.

लेनोवोच्या आयताकृती पिनमध्येही ओळख असते, पण चिप नाही, साधा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग. तो किती अडवतो त्यावरून लॅपटॉप चार्जरचे वॅट समजून घेतो.

मॅकबुकसाठी आधी पिनची पिढी बघा. ॲपल आपल्या चुंबकी पिनला मॅगसेफ म्हणते. २००६ चा मॅगसेफ जाडसर, २०१२ चा मॅगसेफ २ पातळ आणि रुंद, २०२१ चा मॅगसेफ ३ तिसराच. पहिल्याचा चार्जर दुसऱ्याला लावायला ॲपलने छोटा जोडतुकडा काढला होता, उलट्या दिशेला काही चालत नाही. एकाच पिढीत ६० वॅटच्या मॅकला ८५ वॅटचा चार्जर खुशाल लावा.

———

दोघांचेही आभार. आणखी दोन अडचणी आहेत. एका टाइप-सी लॅपटॉपवर ‘स्लो चार्जर’ असा संदेश येतो. आणि खोक्यातले चार्जर मल्टिमीटरने तपासले तर टाइप-सीचे दोन्ही शून्य दाखवतात. ते टाकून द्यायचे का?

शाळा समिती

———

अजिबात टाकू नका!

टाइप-सी चार्जर समोर उपकरण आहे हे कळेपर्यंत वीज सोडतच नाही. मीटरच्या टोकांना तो ओळखत नाही, म्हणून शून्य. चुंबकी पिनचा मॅक चार्जरही असाच, मोकळा असताना पूर्ण व्होल्टेज देत नाही. मीटरने नीट तपासता येतात ते गोल पिनवाले, आणि तेही मीटर डीसीच्या २०० च्या रेंजवर ठेवून. २० च्या रेंजवर २०.१ व्होल्ट आले तर साधे मीटर नुसते १ दाखवते आणि चांगला चार्जर बाद होतो. डेल-एचपीच्या पिनमध्ये काळे टोक बाहेरच्या भिंतीला आणि लाल आतल्या भिंतीला लावायचे, सुईला नाही.

आता ‘स्लो चार्जर’. टाइप-सीमध्ये चार्जर, केबल आणि लॅपटॉप यांच्यात आधी बोलणी होते. तिला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, स्टिकरवर पीडी असे लिहितात. सुरुवात ५ व्होल्टवर होते, मग ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरतात. तिघांत जो दुबळा त्याच्यावर वॅट ठरतात.

चार्जरकडून सुरू करा. आउटपुटच्या यादीत शेवटी २० व्होल्ट आहे का? फोनचा १८-२० वॅटचा चार्जर ९ व्होल्टवर, फार तर १२ वर थांबतो, त्याच्यावर लॅपटॉप कुरकुरणारच. ४५ वॅटपर्यंतच्या चार्जरना २० व्होल्ट देण्याचे बंधन नसते, १५ व्होल्ट ३ ॲम्पिअर दिले तरी ते नियमात बसतात. म्हणून ४५ चा एक चार्जर चालतो आणि दुसरा चालत नाही असे होते. ६५ वॅटचा घेतलात की हा प्रश्न उरत नाही.

मग केबल. जिच्यात ओळखचिप नाही ती केबल ३ ॲम्पिअरवर थांबते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. चार्जर १०० वॅटचा असला तरी ६०च. ५ ॲम्पिअरची केबल हवी. तिच्यावर किंवा वेष्टनावर १०० किंवा २४० वॅट लिहिलेले असते. आणि एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेल्या केबलवर पीडी होत नाही, ती बाजूलाच काढा.

शेवटी लॅपटॉपचे पोर्ट. दोन टाइप-सी असले तरी चार्जिंग एकाच पोर्टवर असू शकते. जवळ प्लगचे किंवा बॅटरीचे चिन्ह शोधा. नुसते विजेचे बाणासारखे चिन्ह थंडरबोल्टचे, म्हणजे वेगवान डेटाच्या जोडणीचे, आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

दोन-तीन तोंडांच्या चार्जरची एक खोड आहे. एकट्याला ६५ वॅट देणारा चार्जर दुसऱ्या तोंडाला फोन लावला की वाटणी करतो, लॅपटॉपच्या वाट्याला ४५ येतात. वाटणी नव्याने होताना लॅपटॉपचे चार्जिंग क्षणभर तुटते. वर्गात मुलांचे टॅब्लेट त्याच चार्जरला लावणार असाल तर हे लक्षात असू द्या.

बॅटरी ८० टक्क्यांवर अडली तर चार्जर बदलायला धावू नका. बॅटरी टिकावी म्हणून लावलेली मर्यादा सेटिंगमध्ये चालू असते.

———

> एक १०० वॅटचा टाइप-सी चार्जर आणि बदलायच्या पिनांचा संच

याचे उत्तर राहिले होते. नव्या दोन्ही लॅपटॉपना हा चार्जर उत्तम. बाकीच्यांसाठी नुसत्या पिना चालत नाहीत. टाइप-सीवरून २० व्होल्ट मागून घेणारी केबल लागते, तिच्या पोटात बोलणी करणारी चिप असते. लेनोवो २० व्होल्टचा आहे, त्याला ती चालेल, पण तिच्या आतला रेझिस्टर किती वॅट सांगतो ते विचारून घ्या. केबल ९० म्हणत असेल आणि कुणी मागे ६५ चा चार्जर लावला तर लॅपटॉप ९० ओढायला जाईल आणि चार्जर बंद पडेल. डेल-एचपीसाठी ओळख देणारी केबल नसेल तर वर सांगितलेलाच मंदपणा येईल. त्यांना मूळ चार्जरच बरा. आयबीएम आणि मॅकबुक या योजनेतून बाहेर.

ही २० व्होल्टची केबल राउटर, मॉनिटर, स्पीकर यांच्या जवळ ठेवू नका. त्यांच्या गोल पिनाही तशाच असतात, पण त्यातल्या अनेकांना १२ व्होल्ट लागतात.

एक वस्तू मात्र घेऊच नका: गोल पिनच्या जुन्या चार्जरला टाइप-सीचे टोक देणारा साधा जोडतुकडा. त्याच्या स्वस्त प्रकारात बोलणी नसते, १९-२० व्होल्ट थेट टाइप-सीवर येतात. ५ व्होल्टच्या अपेक्षेने बसलेला फोन त्यात लावला की संपला.

भिंतीकडच्या बाजूचे थोडक्यात. स्टिकरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर देश बदलला तरी ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त भिंतीची वायर बदला. चार्जरकडे ती दोन प्रकारची असते: इंग्रजी ८ च्या आकाराची दोन खाचांची आणि तीन पाकळ्यांची. तीन पाकळ्यांची असेल तर भिंतीलाही तीन पिनांचीच वायर लावा. दोन पिनांच्या जोडतुकड्याने अर्थिंग तुटते आणि धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. ती गळती सहसा अगदी किरकोळ असते, चार्जरमधल्या कपॅसिटरमधून येणारी, पण मुलांच्या हातात देताना अर्थिंग हवेच.

खोक्यातले जे चार्जर फुगलेले, पिनजवळ वायर उघडी पडलेले किंवा जळका वास येणारे असतील ते तपासत बसू नका, इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्या. बाकी प्रत्येकाला चिकटपट्टी लावून त्यावर व्होल्ट, वॅट आणि लॅपटॉपचे नाव लिहा. पट्टी चार्जरच्या ठोकळ्यावर नको, पिनजवळच्या वायरीवर लावा; लॅपटॉपला जोडताना हातात तेच टोक असते.