बसून मोजलेला रक्तदाब पुरेसा नाही
रक्तदाब कमी असलेल्या ज्येष्ठांनी मेंदूला रक्त कमी पडेल या काळजीपोटी व्यायाम टाळावा, असे एक मत मांडले जाते; ते सरसकट पटत नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त हृदयाकडे ढकलतात आणि भोवळ बहुधा एकदम थांबल्यावर येते. त्या मतात सुटलेला मुद्दा असा, की रक्तदाब आडवे पडून आणि मग उभे राहून ३ मिनिटांच्या आत मोजल्यास वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर बसून घेतलेला १२०/८० फसवा ठरतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहराच्या दीर्घकालीन पाहणीत या घसरणीचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आढळला होता (संबंध म्हणजे कारण नव्हे, हे अर्थातच). माझ्या वडिलांची भोवळ प्रोस्टेटच्या गोळीमुळे निघाली; डॉक्टरांनी ती झोपताना घ्यायला सांगितली, फिरणे मात्र चालूच ठेवले.