ओला रुमाल पुरत नाही

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात व्हॅनने फिरणाऱ्यांना धुळीच्या वादळासाठी ‘तोंडाला ओला रुमाल बांधा, झालं’ असा सल्ला दिला जातो. जाड धुळीला तो ठीक. पण तिथल्या फिनिक्स-टूसॉन शहरांकडच्या मातीत कॉक्सिडिऑइडीस नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू जेमतेम २ ते ५ मायक्रॉनचे, रुमालातून आरामात आत जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच हवा, आणि दाढी असेल तर तोही नावापुरताच.

व्हॅनमध्ये खरी गोची छताच्या पंख्याची होते. खिडक्या लावून पंखा हवा बाहेर फेकत ठेवला की आतला दाब कमी होतो आणि मागच्या दाराच्या रबरामधून, व्हॅनच्या तळातल्या भोकांतून धूळ आत ओढली जाते. वादळ दिसताच पंखा बंद, झाकण बंद. सगळं बंद असताना गॅस मात्र पेटवू नका. नंतर झाडू नको. मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा.

ही बुरशी फुप्फुसात गेली तर आजाराची लक्षणं साधारण १ ते ३ आठवड्यांनी दिसतात: ताप, खोकला, सांधेदुखी, कमालीचा थकवा. तोवर माणूस पुण्याला परतलेला असतो, एक्स-रेवर डाग दिसतो आणि इथे पहिला संशय टीबीचाच येणार. त्यामुळे कुठे फिरून आलात ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि या बुरशीच्या अँटिबॉडी चाचणीबद्दल विचारा. सुरुवातीला ती निगेटिव्ह येऊ शकते, त्रास चालूच राहिला तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. मधुमेही, गरोदर बायका आणि स्टेरॉइड घेणारे यांनी तर अंगावर काढूच नये.